सह्याद्रीचा म्हणून नोंदलेला लव्हाळा गाविलगडच्या डोंगरात मिळाला, आता पुढं काय करायचं?

चिखलवाट:

नमस्कार मंडळी. पोस्ट जरा लांबलीये, सांभाळून घ्या.

मी बॉटनी शिकलेला नाही. पावसाळ्यात पठारांवर फिरायचं आणि गवतासारखं दिसणारं पण गवत नसलेलं जे काय असतं ते लेन्सखाली धरून बघत बसायचं, एवढाच नाद. सोबतचे लोक फुलांचे फोटो काढतात आणि मी पालथा पडून लव्हाळे बघतो, त्यावरून चेष्टा होते ती वेगळी.

तर या सप्टेंबरच्या शेवटी गाविलगडच्या डोंगरात, चिखलदऱ्याकडच्या एका उघड्या पठारावर (व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीबाहेर, महसुली पडीक जमीन, नेमकी जागा मुद्दाम देत नाहीये) एक फिम्ब्रिस्टायलिस (लव्हाळ्यांचाच एक वंश) मिळाला. बेसॉल्टच्या कातळात उथळ खळगे आहेत, त्यांच्या कडेनं पाणी झिरपत असतं, तिथं बोटभर मातीत झुपकेच्या झुपके. लांबून त्याच वंशातला डायकोटोमाच वाटला, तो काय कुठंही असतो, शेताच्या बांधावरही असतो. पण दांडा दोऱ्याइतका बारीक, उंची वीतभर सुद्धा नाही, आणि स्पाइकलेट (फुलांचं बारकं कणीस) उघडून बघितली तर स्टिग्मा (स्त्रीकेसराची टोकं) तीन! डायकोटोमाला दोन असतात आणि नट (म्हणजे फळ) दोन्हीकडून फुगीर चपटा असतो, हे एवढं तरी पाठ आहे. इथं नट तीन धारांचा, दुधी रंगाचा, आणि वर बारीक बारीक गाठी. पानाच्या बुडाशी लिग्यूल (केसांची बारीक झालर) नाही.

की (लक्षणांवरून जात ओळखायचा तक्ता) लावत गेलो तर ज्या नावावर येऊन थांबलो ती जात सगळीकडं 'उत्तर पश्चिम घाटात प्रदेशनिष्ठ', म्हणजे फक्त तिथंच मिळणारी, म्हणून दिलीये. सगळ्या नोंदी घाटमाथ्यावरच्या पठारांच्या आणि कोकणातल्या सड्यांच्या (उघड्या कातळमाळांच्या). तिथून हे ठिकाण सरळ रेषेत साडेतीनशे-चारशे किलोमीटर तरी असेल. मध्ये अख्खं वऱ्हाड, कापसाची काळी जमीन.

जातीचं नाव पक्कं झाल्याशिवाय इथं टाकत नाही, राग मानू नका.

माझे प्रश्न: हे खरंच 'रेंज एक्स्टेन्शन' (जातीचा माहीत असलेला पट्टा वाढला) असं म्हणायचं का? माणसांबरोबर, गुरांबरोबर आलं नसेल कशावरून? आणि हौशी माणसानं दाखवायचं कुणाला? दोन झुपके मुळासकट काढून वर्तमानपत्रात दाबून ठेवलेत, फोटो आहेत, जीपीएस आहे.

---

रानभैरी:

अरे भारी!! फोटो टाक की.

---

चिखलवाट:

@रानभैरी टाकतो, पण मोबाइलला क्लिप-ऑन लेन्स लावून काढलेत, नटचा फोटो जेमतेम आलाय.

---

ग्लूम_मोजणारी:

सगळ्यात आधी शाबासकी, लिग्यूल बघितलात त्याबद्दल. फिम्ब्रिस्टायलिसवाले निम्मे लोक ते बघतच नाहीत आणि मग कीमध्ये दुसऱ्याच फांदीला लागतात.

आता रेंज, एक्स्टेन्शन वगैरे शब्द दोन मिनिटं बाजूला ठेवू. माझ्या अनुभवात अशा दहा 'नव्या ठिकाणच्या नोंदी' आल्या की त्यातल्या बऱ्याच ओळखीतच गळतात. फिम्ब्रिस्टायलिसच्या जगात तीनशेच्या वर जाती आहेत, आणि आपल्या पठारांवरच्या ज्या बुटक्या, वर्षायू, पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या आहेत त्या एकमेकींना इतक्या धरून असतात की फोटोवरून नाव सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. तुमच्या फोटोवरून मी पण सांगणार नाही.

पुढच्या गोष्टी बघून इथं लिहा.

आधी हा फिम्ब्रिस्टायलिसच आहे ना, त्याच्यासारखाच दिसणारा बल्बोस्टायलिस वंश नाही ना? बारीक दोऱ्यासारखे दांडे म्हटल्यावर मला पहिली शंका तीच आली. पिकलेला नट घ्या आणि त्याच्या डोक्यावर बघा. फिम्ब्रिस्टायलिसमध्ये स्टाइल (स्टिग्माखालचा दांडा) बुडासकट गळून जाते, नटचं डोकं साफ असतं. बल्बोस्टायलिसमध्ये स्टाइलचं बूड बटणासारखं नटवरच चिकटून राहतं. शिवाय बल्बोस्टायलिसच्या पानाच्या आवरणाच्या तोंडाशी बहुतेक वेळा लांब पांढरे केस असतात, ते साध्या लेन्समधून पण दिसतात. कच्च्या नटवर हे बघू नका, कच्च्यावर स्टाइल तशीही असतेच आणि फसायला होतं.

मग नटचा पृष्ठभाग. 'बारीक गाठी' म्हणालात, त्या सगळ्या अंगावर सारख्या आहेत का फक्त धारांवर? गाठींच्या खाली आडव्या पेशींची जाळी दिसते का? दहा पट लेन्सनं हे दिसणार नाही, कुठल्यातरी कॉलेजच्या लॅबमधला स्टीरिओ मायक्रोस्कोप मागा, कुणी नाही म्हणत नाही. पुढं छापायचं ठरलं तर नटचे एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) फोटो लागतील, आजकाल लव्हाळ्यांच्या पेपरमध्ये ते असतातच.

आणि ग्लूम (स्पाइकलेटवरचे खवले). गोल गोल चढत्या क्रमानं लागलेत का दोन ओळींत? मधल्या शिरेचं टोक ग्लूमच्या बाहेर येतं का? पुंकेसर एक, दोन का तीन? हे सगळं ताज्यावर बघायला हवं होतं, पण वाळलेलं असलं तरी स्पाइकलेट गरम पाण्यात थोडा वेळ टाकली की बऱ्यापैकी उलगडते.

एक अजून, झुपके दाबलेत ते चांगलंच, पण नट झडतात. त्या कागदात खाली जो कचरा पडला असेल तो टाकू नका!! छोट्या कागदी पुडीत भरून त्याच शीटला (दाबलेलं झाड चिकटवायच्या कागदाला) जोडा. माझ्या मते त्या शीटवरची सगळ्यात महत्त्वाची वस्तू ती पुडी आहे, बाकी झाड शोभेला.

---

कातळकडा:

स्पष्ट बोलतो, मला यात एवढं काही वाटत नाही. लव्हाळ्याचं बी ते, मिलिमीटरभर पण नसतं. पाणथळीतल्या पाखराच्या पायाला चिखल लागला, पाखरू उडालं, दुसऱ्या डबक्यावर उतरलं, संपला विषय. डार्विननं तळ्यातला तीन मोठे चमचे चिखल आणून झाकून ठेवला होता, सहा महिन्यांत त्यातून ५३७ रोपं उगवली, प्रत्येक रोप उपटून मोजलं होतं त्यानं. वाळवल्यावर तो चिखल दोनशे ग्रॅम पण भरत नव्हता. मग चारशे किलोमीटरचं काय कौतुक. केरेक्स या लव्हाळ्यांच्याच एका वंशाच्या सहा जाती तर अशा आहेत की उत्तर ध्रुवाकडं पण आहेत आणि थेट दक्षिण अमेरिकेच्या शेवटच्या टोकाला पण, आणि जनुकीय अभ्यास सांगतात की त्या अशाच लांब उड्या मारून गेल्यात.

प्रत्येक जिल्ह्यात एकेक झाड 'पहिल्यांदाच' सापडल्याचे पेपर निघतात त्याचा कंटाळा आलाय, म्हणून चिडचिड. वैयक्तिक घेऊ नका.

---

जुनेनकाशे:

@कातळकडा पाखरानं आणलं असेलही, पण ते तुम्ही कशावरून ठरवणार? आणि त्याच्याही आधी, ते 'आणलं' हे कशावरून? ते तिथं आधीपासूनच नव्हतं, हे कुणी बघून ठेवलंय?

मला यातली खरी मजा तिथं वाटते. आपण म्हणतो अमुक जात फक्त सह्याद्रीत. ही 'फक्त' कुठून आली ते जरा उकरून बघा. पश्चिम भारतातल्या झाडांची मोठी बैजवार यादी कुक या बॉटनिस्टची, १९०१ ते १९०८ मध्ये आलेली. ती बॉम्बे प्रेसिडेन्सीची (मुंबई इलाख्याची) होती. खानदेश प्रेसिडेन्सीत होता, त्यामुळं तोरणमाळकडचा सातपुडा तिच्या हद्दीत येतो. पण वऱ्हाड प्रेसिडेन्सीत नव्हतंच! ते निजामाकडून इंग्रजांकडं आलेलं, आधी हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं. म्हणजे चिखलदरा, गाविलगड, मेळघाट हे सगळं कुकच्या पुस्तकाच्या हद्दीबाहेर. एखादं झाड कुककडं 'कोकण, घाट' असं असेल आणि वऱ्हाड नसेल तर त्याचा अर्थ ते वऱ्हाडात नव्हतं असा होत नाही, कुकला वऱ्हाडाशी कर्तव्यच नव्हतं एवढाच होतो. त्याच्याही आधी क्लार्कनं १८९३-९४ मध्ये सगळ्या ब्रिटिश इंडियाचे लव्हाळे लिहिले, पण त्यात ठिकाणं 'कोंकण', 'डेक्कन पेनिन्शुला' असल्या मापाची, त्यावरून पठार शोधायला निघालात तर फिरत बसाल.

नंतर बॉटनिकल सर्व्हेनं भरपूर काम केलं, महाराष्ट्राच्या फ्लोराचा (झाडांच्या यादीचा) एकदलींचा खंड १९९६ मध्ये आला, त्यात जिल्हावार नोंदी आहेत, @चिखलवाट तो आधी बघा. पण तरीही लव्हाळे गोळा करणारा माणूस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्या नेमक्या पठारावर, पोटावर पडून, गेलेला असायला पाहिजे ना. जुन्या शीट्सवरच्या तारखा आणि ठिकाणं बघत गेलात की दिसतं, माणसं रस्त्याच्या कडेकडेनं गेलीयेत आणि बरीचशी पाऊस संपून वाटा सुकल्यावर. तोवर हे बोटभर मातीतले लव्हाळे वाळून उडून गेलेले असतात.

पुण्याजवळच्या घाटात दर शनिवारी चार बॉटनिस्ट एकमेकांना आडवे जातात. गाविलगडला कोण जातं? आणि जातो तो वाघाच्या मागं जातो.

---

पावशा_अमरावती:

भाऊ, त्या पठाराइकडं पावसायात गवळी लोकाइच्या म्हशी असते, पार वरपर्यंत चराले जाते. म्हशी पान्यात बसते, डबक्या डबक्यातून फिरते. म्हून म्हनतो, का गुराइच्या पायानं आलं असंन तर ते डोंगरातल्या डोंगरातच फिरलं असंन, त्या म्हशी काई कोकणातून नाई आल्या बावा. पन हाटेलवाल्याइनं लॉन लावाले बाहेरून माती आनली असंन तर गोष्ट निराळी. तुमचं ठिकान हाटेलाच्या जवळ हाय का दूर, ते सांगा आधी.

---

चिखलवाट:

@पावशा_अमरावती भाऊ, एकदम मुद्द्याचं. हॉटेल, रिसॉर्ट, रस्ता सगळं लांब. डांबरी सोडून पायवाटेनं बराच वेळ चालावं लागतं. झाडं पायवाटेच्या कडेला नाहीतच, आत कातळावर पसरलेत, वेगवेगळ्या खळग्यांत. बरोबर गेंद (इरिओकॉलॉन) आणि सीतेची आसवं (युट्रिक्युलेरिया) आहेत, गेंदाची जात ओळखता आली नाही.

@ग्लूम_मोजणारी ताई, काल एका कॉलेजात मायक्रोस्कोप मिळाला. नटचं डोकं साफ आहे, बटण नाही. आवरणाच्या तोंडाशी केस नाहीत. ग्लूम गोल चढत्या क्रमानं, शिरेचं टोक अगदी जरासं बाहेर. गाठी सगळ्या अंगावर आहेत पण धारांच्या जवळ दाट. पुंकेसर एकच दिसला, तो पण तुटका, त्यामुळं त्यावर भरवसा नको. कागदातला कचरा गोळा केलाय!

---

ग्लूम_मोजणारी:

वा. म्हणजे बल्बोस्टायलिस गेला. गाठी धारांजवळ दाट हे ऐकून माझ्या मनात पण बहुधा तुमच्याच जातीचं नाव आलंय, पण शीट बघितल्याशिवाय मी पण नाव लिहीत नाही, आपण दोघंही शहाणे.

आता दाखवायचं कुणाला. पुण्याला बॉटनिकल सर्व्हेचं वेस्टर्न रीजनल सेंटर आहे, १९५५ पासूनचं, त्यांच्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात) महाराष्ट्रातलं प्रचंड मटेरियल आहे. पुण्यातच आघारकर संस्थेचं हर्बेरियम, मुंबईत झेवियर्सचं ब्लॅटर, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं. तुम्ही हौशी आहात म्हणून संकोच करू नका, शीट नीट केलेली असली आणि लेबलवर माहिती पूर्ण असली की लोक आदरानं बघतात. लेबल मात्र मन लावून लिहा. अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, तुमचा कलेक्शन नंबर, आणि 'पठार' एवढंच नको. "बेसॉल्टच्या कातळातल्या उथळ खळग्यांच्या कडेला, झिरपत्या पाण्यात, बोटभर मातीत, इरिओकॉलॉन आणि युट्रिक्युलेरियाबरोबर" असं तुम्ही इथं जे लिहिलंत तेच लेबलवर उतरवा. लव्हाळ्याची जात ओळखायला पुढच्या माणसाला त्याचा जितका उपयोग होतो तितका फोटोचा नाही होत.

आणि तिथं गेलात की फक्त तुमची शीट दाखवून परत येऊ नका. फिम्ब्रिस्टायलिस डायकोटोमाचे गठ्ठे मागा, आणि ज्यांच्यावर फक्त 'फिम्ब्रिस्टायलिस, जात अनिश्चित' लिहिलंय ते पण. त्यात अमरावती, अकोला, बुलढाणा, बैतूल, होशंगाबाद या बाजूच्या सगळ्या शीट्स उलटून बघा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी हेच झाड उचलून, घाईत डायकोटोमा लिहून, गठ्ठ्यात टाकून दिलेलं असण्याची शक्यता मी बरीच धरते. तसं मिळालं तर तुमचा 'नवा शोध' थोडा जुना होईल, पण नोंद दसपट पक्की होईल.

---

रानभैरी:

पण ऑनलाइन बघून नाही का कळणार? क्यूच्या (लंडनच्या वनस्पती उद्यानाच्या) साइटवर मी बऱ्याच झाडांचा नकाशा बघतो, अख्खा भारत हिरवा दिसतो, मग हे झाड आधीच वऱ्हाडात आहे असंच झालं की

---

जुनेनकाशे:

@रानभैरी तो नकाशा तसा वाचायचा नसतो. तिथं जगाचे जे तुकडे पाडलेत त्यात भारताचे तुकडे म्हणजे पश्चिम हिमालय, पूर्व हिमालय, आसाम असे मोजकेच, आणि उरलेला सगळा म्हणजे 'इंडिया'. झाड रत्नागिरीच्या एकाच सड्यावर असलं तरी पार राजस्थानपासून ओडिशापर्यंत रंग भरतो. डोंगररांगेच्या पातळीवरचं काही त्यातून कळतच नाही. जीबीआयएफवर (जगभरच्या नोंदींच्या ऑनलाइन साठ्यावर) ठिपके असतात ते जास्त कामाचे, पण ठिपका म्हणजे कुणीतरी दिलेलं नाव, ते बरोबर का चूक हे शीट बघूनच.

आता भूगोलाचं, कारण 'मध्ये अख्खं वऱ्हाड' हे चित्र मला जरा बदलायचंय.

सह्याद्री आणि गाविलगड यांच्यात सरळ चारशे किलोमीटर सपाटी नाहीये. नाशिकच्या वरच्या अंगाला सह्याद्रीपासून सातमाळा-अजिंठ्याची रांग फुटते आणि पूर्वेला पार बुलढाण्यापर्यंत येते. तिच्या उत्तरेच्या कड्याखाली पूर्णेचं खोरं, आणि पूर्णा ओलांडली की समोर गाविलगड. म्हणजे डोंगर ते डोंगर खरी फट पूर्णेच्या खोऱ्याची, काही ठिकाणी साठेक किलोमीटरची. तापी तर गाविलगडच्याही पलीकडून, उत्तरेनं वाहते. दगड पण बघा, सह्याद्री, अजिंठा, गाविलगड तिन्ही दख्खनच्या लाव्ह्याचे. कातळ तोच, खळगे तसेच. फरक पावसाचा. खाली अकोल्याकडं वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आतबाहेर, वर चिखलदऱ्याला त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे वाळक्या सपाटीत एक ओलं बेट.

पचमढीला पोचलात की मात्र दगड बदलतो, तिथं वालुकाश्म. त्यामुळं तुमचा लव्हाळा पचमढीला आहे का नाही, यावरून त्याला कातळाची आवड आहे का नुसत्या पाण्याची, याचा थोडा अंदाज येईल.

सातपुडा आणि सह्याद्रीचं नातं हा विषय जुना आहे. झूऑलॉजिकल सर्व्हेचे सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात मांडलं होतं की पूर्वेकडचे, मलायाकडचे जीव, मुख्यतः डोंगरी ओढ्यांतले मासे, विंध्य-सातपुड्याच्या रांगेनं पश्चिमेला येऊन मग पश्चिम घाटात उतरले. सातपुडा सिद्धांत म्हणतात त्याला. नंतरच्या जनुकीय अभ्यासांत तो जसाच्या तसा काही टिकला नाही, आणि माशाचं गणित लव्हाळ्याला लावू पण नये, माशाला सलग ओढा लागतो. पण एवढं खरं की दोन्हीकडं आढळणारी आणि मधल्या सपाटीत नसलेली झाडं बरीच आहेत, तुमचं पहिलं नाही.

म्हणून पाखराची उडी का तुटलेली जुनी साखळी, हे ठरवायचं असेल तर बघायची जागा गाविलगड नाहीच, अजिंठा रांग आहे! गौताळा, पाटणादेवी, बुलढाण्याचा घाट. तिथल्या ओल्या कातळांवर हाच लव्हाळा मिळाला तर साखळी. एकाही ठिकाणी नाही मिळाला तर मी @कातळकडा यांच्या पाखराला नमस्कार करीन.

---

कातळकडा:

हे पटलं. अजिंठा रांगेचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. फक्त 'नाही मिळाला' म्हणायला पण योग्य महिन्यात, योग्य खळग्यात जायला लागेल, नाहीतर परत तेच, गेलंच नाही कुणी आणि म्हणे नाहीये.

---

यादीवाला:

मी थोडं कोरडं बोलतो, रेड लिस्टबद्दल, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीबद्दल, कारण अशा नोंदीचा खरा परिणाम तिथं होतो आणि तो उलटा पण होऊ शकतो.

ती यादी करणारी आययूसीएन दोन क्षेत्रफळं मोजते. एक, सगळ्या ठिकाणांना बाहेरून वेढणारा बहुभुज. दुसरं, दोन बाय दोन किलोमीटरच्या ज्या चौकोनांत झाड खरंच आहे त्यांची बेरीज. तुमच्या एका पठारानं दुसऱ्या आकड्यात फार तर एक चौकोन वाढेल, म्हणजे ४ चौरस किलोमीटर. पण पहिला बहुभुज? कोकणापासून गाविलगडपर्यंत दोरी ताणली की त्यात नगर, औरंगाबाद, जालना, बुलढाणा सगळं आलं, कापूस-सोयाबीनच्या शेतांसकट, आणि मधली नालायक जमीन वगळायची पद्धत तिथं नाही. धोक्यात असलेल्याची मर्यादा ५,००० चौरस किलोमीटर, संकटप्रवणची २०,०००. तुमच्या एका ठिपक्यानं हा आकडा दोन्ही मर्यादांच्या पलीकडं जाईल. झाड होतं तितकंच दुर्मिळ, पण कागदावर एकदम ऐसपैस.

अर्थात चौकोनांच्या बेरजेवरून पण वर्ग ठरवता येतो आणि त्याच्या जोडीला ठिकाणांची संख्या, होणारा ऱ्हास हे पण बघतात, त्यामुळं लगेच यादीतून उडेल असं नाही. पण पेपरमध्ये हे स्पष्ट लिहा की नवीन ठिकाण एकटं आहे, किती खळगे, अंदाजे किती झुपके, चराई आहे का, पर्यटन वाढतंय का. नाहीतर उद्या कोकणातल्या सड्यावर चिऱ्याची खाण काढताना कुणीतरी म्हणेल, हे तर विदर्भात पण मिळतं की.

'पश्चिम घाटात प्रदेशनिष्ठ' ही पाटी मात्र काढावी लागेल. तिथं 'द्वीपकल्पीय भारत' येईल. हे मला वाईट वाटत नाही, पाट्या बरोबर असाव्यात.

---

रानभैरी:

आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या साइटवर) टाकायचं का मग? टाकलं की जागा सगळ्यांना दिसणार

---

यादीवाला:

टाकावं, पण जागा 'ऑब्स्क्युअर' करून. नकाशावर मोठ्या चौकोनात कुठंतरी ठिपका दिसतो, नेमका बिंदू तुमच्याकडंच राहतो. लव्हाळा चोरायला कुणी येणार नाही हे खरं, ऑर्किड नाही तो. पण लोक बघायला जातात, आणि बोटभर मातीवर दहा जण उभे राहिले की ती माती खळग्यात राहत नाही.

---

ग्लूम_मोजणारी:

@चिखलवाट एक गोष्ट आधीच विचारायला हवी होती. महसुली पडीक म्हणालात, ते नक्की ना? राखीव जंगल असेल तर वनखात्याची परवानगी आधी. अभयारण्यात तर १९७२ च्या कायद्यानुसार लेखी परवानगीशिवाय काहीच उपटायचं नाही, हौशी असो का प्राध्यापक. पेपर पाठवला की संपादक परवानगीचा नंबर विचारतात, आणि नसला तर तिथंच अडतं सगळं.

---

चिखलवाट:

ताई, सातबाऱ्यावरून खात्री केलीये, वनखात्याची हद्द पुढच्या कड्यापासून सुरू होते. तरी वनरक्षकांना भेटून सांगून आलो होतो, ते म्हणाले गवतच नेताय ना, न्या.

पुण्याला शीट घेऊन जातोय, तिथल्या मॅडमशी बोलणं झालंय. डायकोटोमाचे गठ्ठे बघू देतील म्हणाल्यात.

@जुनेनकाशे सर, अजिंठा रांगेत या वर्षी जाणं जमेल का? ऑक्टोबर अर्धा होत आला.

---

जुनेनकाशे:

पाटणादेवीकडचे खालचे कातळ एव्हाना सुकले असणार. गौताळ्यात वरच्या बाजूला सावलीतल्या, झिरप टिकून असलेल्या जागा बघता येतील, पण ते अभयारण्य आहे, त्यामुळं या वर्षी नुसतं बघायचं, फोटो काढायचे, हात लावायचा नाही. परवानगीचा अर्ज आत्ताच टाका म्हणजे पुढच्या सप्टेंबरपर्यंत हातात येईल. बुलढाण्याच्या घाटाकडं मी स्वतः या रविवारी जातोय, तिथं हद्दीबाहेर उघडे कातळ आहेत. तुमच्या नटचा मायक्रोस्कोपखालचा फोटो मला मेसेजमध्ये पाठवा, स्केल लावून, नाहीतर मी तिथं डायकोटोमाच गोळा करत बसायचो.

---

पावशा_अमरावती:

सर, रविवारी मी बी येतो. फक्त पोटावर पडाले सांगू नका, कंबर धरते माही.

---

ग्लूम_मोजणारी:

जाताय तर दोघांनी मिळून प्रत्येक खळग्यात काय *नाहीये* ते पण वहीत लिहा, जागा आणि तारीख घालून. आणि नट पिकलेले मिळाले तरच झुपका काढा, कच्चा असेल तर राहू द्या जागेवर.